मुखेडहून एक-दोन दिवसांची सहल : आधी परतीची गाडी बघा, मग जागा ठरवा

मुखेड : सोयाबीनची रास घरात आली, हरभरा-ज्वारीची पेरणी उरकली की गावागावांत एक बोलणं निघतंच. "औंदा कुठंतरी जाऊन येऊ." मग नावं निघतात. माहूर, तुळजापूर, बासर, कोणी तर थेट तिरुपतीपर्यंत पोहोचतं. आणि बहुतेक घरांत गोष्ट तिथंच थांबते. म्हशीची धार कोण काढणार, शेळ्या कोण बघणार, पोरांची शाळा बुडणार का, पाच माणसं न्यायची म्हणजे खर्च किती, या हिशोबात सहल राहून जाते.

खरं तर मुखेडपासून तासा-दोन तासांच्या टप्प्यात एवढं बघण्यासारखं आहे की सकाळची धार काढून निघालेलं घर संध्याकाळच्या धारेला परत येऊ शकतं. लांब जायचं असेल तर एका रात्रीचा मुक्काम. फक्त बेत आखायचा तो उलट्या क्रमानं. आधी परतीची शेवटची गाडी कितीची आहे ते बघायचं आणि तिथून मागं मोजत यायचं. मुखेडच्या बसस्थानकावर रात्री उतरलं तरी पुढं आपल्या वाडी-तांड्यापर्यंत जायला काय मिळणार, हेही त्यातच धरायचं. काळी-पिवळी किंवा ऑटो दिवसा भरभरून धावतात, अंधार पडला की दिसत नाहीत. आगाराच्या चौकशी खिडकीवर आदल्या दिवशी विचारलेलं वेळापत्रक मोबाईलवर फिरणाऱ्या जुन्या फोटोपेक्षा कधीही बरं.

आणखी एक गोष्ट. मुखेडला रेल्वे नाही. ॲपमध्ये तिकीट शोधताना "मुदखेड" दिसतं आणि घाईत तेच आपलं समजून लोक बोट लावतात. मुदखेड हे नांदेडजवळचं जंक्शन, तालुकाही वेगळा. आपल्याला रेल्वे पकडायची तर नांदेड, उदगीर किंवा धर्माबाद गाठावं लागतं. बाहेरगावच्या पाहुण्यांना पत्ता सांगतानाही हे दोनदा सांगितलेलं बरं.

एका दिवसात होणाऱ्या जागा

सुरुवात घरापासून करायची तर मुखेड शहरातलंच दशरथेश्वराचं दगडी मंदिर आहे. चालुक्यांच्या काळातलं हे महादेवाचं देऊळ. बाजाराला दर आठवड्याला मुखेडला येणाऱ्या कित्येकांनी त्याच्या भिंतीवरच्या मूर्ती एकदाही थांबून बघितलेल्या नाहीत. याला बॅग लागत नाही, तिकीट लागत नाही.

कंधारचा किल्ला हा दिवसाच्या सहलीसाठी सगळ्यात सोपा. किल्ला डोंगरावर नाही, सपाटीवर आहे, त्यामुळं म्हाताऱ्या माणसांनाही जमतो. चहूबाजूंनी पाण्याचा खंदक आहे. राष्ट्रकूटांच्या काळात, म्हणजे हजार वर्षांपूर्वी कंधार मोठं नगर होतं. राजा कृष्ण तिसरा याचं नाव या किल्ल्याशी जोडलं जातं. गावात क्षेत्रपालाच्या एका अवाढव्य मूर्तीचे तुकडे सापडलेले आहेत. तो एकेक तुकडा बघून अख्खी मूर्ती किती उंच असेल याचा अंदाज पोरांना बांधायला लावावा, त्यांचा अर्धा तास मजेत जातो. खंदकाच्या काठावर आणि जुन्या बुरुजांवर मात्र सेल्फीच्या नादात चढू नये. पावसाळ्यात शेवाळ असतं, कडेचे दगड सुटलेले असतात. हाजी सय्याह सरवर मखदूम यांचा दर्गाही कंधारलाच आहे. उरुसाच्या काळात तिथं मोठी गर्दी असते. शांतपणे किल्ला बघायचा असेल तर ते दिवस टाळावेत.

देगलूरच्या बाजूला गेलात तर होट्टल. जुन्या शिलालेखांत याचं नाव पोट्टल असं येतं. सिद्धेश्वराच्या मंदिरावरच्या सुरसुंदरींच्या मूर्ती बघायला लांबून अभ्यासक येतात. जिल्हा प्रशासनाच्या पुढाकारानं इथं होट्टल महोत्सवही भरतो. तारखा दरवर्षी बदलतात, म्हणून आधी खात्री करावी. इथं जाताना एक लक्षात ठेवायचं. देगलूरपर्यंत गाड्यांची अडचण नाही, पण पुढं होट्टलला जायला आणि मुख्य म्हणजे परत यायला ऑटो ठरवावा लागतो. येण्या-जाण्याचे आणि थांबण्याचे पैसे निघतानाच बोलून घ्यावेत. गावात हॉटेलांची रांग नाही. जेवण आणि पाणी सोबतच हवं.

उदगीरचा किल्ला बहुतेकांना शाळेच्या सहलीमुळं माहीत असतो. १७६० साली सदाशिवरावभाऊंच्या फौजेनं निजामाला उदगीरच्या लढाईत हरवलं आणि तिथून पुढं मराठे पानिपतावर गेले. किल्ल्यात उदागीर बाबांची समाधी आहे. एप्रिल २०२२ मध्ये इथं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, तेव्हा मुखेड-जळकोटकडचे पुष्कळ लोक गेले होते. एप्रिलच्या उन्हात उदगीर काय असतं ते त्यांना विचारावं. उदगीर करायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सोबत देवर्जनजवळचं हत्तीबेट जोडता येतं. टेकडी, कोरलेली लेणी, गंगाराम महाराजांची समाधी आणि वर वारा. निजामाच्या राजवटीविरुद्धच्या मुक्तिसंग्रामातही हत्तीबेटाचं नाव येतं. स्वतःची गाडी असेल तर किल्ला आणि हत्तीबेट दोन्ही एका दिवसात आरामात होतं. एसटीनं जाणाऱ्यांनी दोन्हीपैकी एकच धरावं.

नांदेडला आपली माणसं दवाखाना, कोर्ट आणि कापडखरेदीसाठी जातातच. त्यातच अर्धा दिवस काढून सचखंड गुरुद्वारा बघता येतो. शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंगजी यांनी १७०८ साली इथं देह ठेवला. आजची इमारत महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधून घेतली. आत जाताना डोकं झाकावं लागतं. बाईमाणसाला पदर किंवा ओढणी चालते, पुरुषांनी एक मोठा रुमाल बॅगेत वर ठेवावा. तंबाखू, गुटखा, बिडीची पुडी खिशात घेऊन आत जायचं नाही. हे सांगावं लागतं, कारण सवयीनं खिशात पुडी असतेच. लंगरमध्ये जेवण सगळ्यांना मोफत मिळतं, जात-धर्म विचारत नाहीत. वेळ उरला तर विष्णुपुरीला काळेश्वराचं दर्शन आणि धरणाचं पाणी.

मार्गशीर्षात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत लोहा तालुक्यातली माळेगावची खंडोबाची यात्रा असते. घोडे, उंट, गाढवं यांचा बाजार, कुस्त्या, लावणी. ही सहल म्हणावी की यात्रा हे ज्यानं त्यानं ठरवावं, पण लहान पोरं घेऊन जाणाऱ्यांनी खाली दिलेली चिठ्ठीची गोष्ट नक्की वाचावी.

एक रात्र लागणाऱ्या जागा

माहूर एका दिवसात करून येण्याचा हट्ट सोडावा. नांदेडपासूनच माहूर सव्वाशे किलोमीटरच्या पुढं आहे, त्यात मुखेड ते नांदेडचे दोन-अडीच तास मिळवा. रात्रभर प्रवास करून पहाटे रांगेत उभं राहायचं, दर्शन घेऊन लगेच फिरायचं, याला दर्शन झालं म्हणता येईल, सहल नाही. साडेतीन शक्तिपीठांपैकी एक असलेली रेणुकामाता, अनसूयामातेचं शिखर, दत्तशिखर आणि किल्ला एवढं सगळं तिथं आहे. त्यासाठी एक मुक्काम धरलाच पाहिजे. मंदिराला पायऱ्या आहेत. गुडघ्याचा त्रास असलेल्यांसाठी काठी आणि वेळ दोन्ही सोबत न्यावं. परतताना रेणुकेचा तांबूल प्रसाद घ्यायचा तर झाकणाचा छोटा डबा घरून न्यावा, नाहीतर तो कपड्यांना लागतो.

याच वाटेवर किनवट तालुक्यात पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा आहे, इस्लापूरजवळ. नदीच्या पलीकडं यवतमाळ जिल्हा लागतो. नांदेडहून किनवट-आदिलाबादकडं जाणाऱ्या रेल्वेमार्गावर सहस्रकुंड नावाचं स्टेशन आहे. सगळ्या गाड्या तिथं थांबत नाहीत, तेवढं बघून घ्यावं. धबधबा जुलै ते ऑक्टोबर भरात असतो. मे महिन्यात जाऊन "पाणीच नाही" म्हणण्यात अर्थ नाही. वरच्या बाजूला इसापूर धरण आहे. तिथून पाणी सोडलं की इथं ऊन पडलेलं असतानाही प्रवाह वाढू शकतो. म्हणून कोरड्या दिसणाऱ्या खडकावर उतरून आत जाऊ नये.

किनवट तालुक्यातच उनकेश्वरला गरम पाण्याचे झरे आहेत. कातडीच्या दुखण्यासाठी लोक इथं स्नानाला येतात. यायला हरकत नाही, पण डॉक्टरचं चालू औषध बंद करून येऊ नये.

राज्याबाहेर दोन जागा आपल्याला जवळ. एक बासर. तेलंगणात, गोदावरीच्या काठी, सरस्वतीचं मंदिर. नरसी-नायगावकडून धर्माबाद गाठलं की पुढचंच स्टेशन बासर. शाळेत घालण्याआधी पोराचं अक्षराभ्यासाचं पूजन तिथं करून आणायची पद्धत आपल्या भागात चांगलीच आहे. वसंत पंचमीला तिथं पाय ठेवायला जागा नसते. तोच दिवस हवा असा आग्रह नसेल तर आठ-पंधरा दिवस पुढं-मागं जाणं पोराच्या जिवाला सोपं. दुसरं बिदर. उदगीरहून रेल्वेनं जाता येतं. बहामनी सुलतानांचा किल्ला, १४७२ सालचा महमूद गवानचा मदरसा, गुरुद्वारा नानक झिरा आणि झरणी नृसिंहाचं भुयार. या भुयारात पाण्यातून चालत जावं लागतं. पाणी कमरेच्या वर येतं. लहान पोरं, दम्याची माणसं यांना नेण्याआधी विचार करावा. कपड्यांचा एक जोड आणि ओले कपडे भरायला पिशवी घेऊनच जावं. मोबाईल बाहेर थांबणाऱ्याकडं द्यावा.

तिकिटाचा हिशोब

एसटीच्या सवलती सगळ्यांना माहीत आहेत असं वाटतं, पण अर्धवट माहीत असतात. महिलांना सगळ्या प्रकारच्या एसटी गाड्यांत अर्धं तिकीट आहे, हे १७ मार्च २०२३ पासून. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत, ही सवलत ऑगस्ट २०२२ पासून. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं. पाच वर्षांखालच्या लेकराला तिकीट नाही, पाच ते बारा अर्धं.

म्हणजे समजा नवरा-बायको, आठ वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि शहात्तर वर्षांची आजी असे पाच जण कंधारला निघाले. नवऱ्याचं एक, बायकोचं अर्धं, मुलीचं अर्धं. पाच जणांना मिळून दोन पूर्ण तिकिटांचे पैसे. तेवढ्याच रस्त्याला जीप भाड्यानं ठरवली तर किती लागतात ते ज्याचं त्यानं ताडून बघावं. मात्र आजीचं आधार कार्ड घरी राहिलं तर वाहक तिकीट मागणार, आणि त्यात त्याची चूक नाही.

खरी गडबड होते ती राज्याच्या सीमेवर. महिलांची आणि ज्येष्ठांची सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच चालते. पुढच्या टप्प्याला पूर्ण भाडं. आणि पलीकडं गेलं की तेलंगणात महिलांना बस मोफत आहे, कर्नाटकातही आहे, असं ऐकून आपल्या बायाबापड्या बिनधास्त बसतात. त्या योजना खऱ्या आहेत. कर्नाटकात 'शक्ती' योजना जून २०२३ पासून आणि तेलंगणात 'महालक्ष्मी' डिसेंबर २०२३ पासून चालू आहे. पण दोन्ही तिथल्याच रहिवासी महिलांसाठी आहेत. महाराष्ट्राचा पत्ता असलेलं आधार दाखवून तिथं मोफत प्रवास होत नाही. बासर किंवा बिदरचा खर्च काढताना येण्या-जाण्याचं पूर्ण भाडं धरूनच निघावं, म्हणजे भर बसमध्ये वाद होत नाही.

रेल्वेत ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. पाच वर्षांखालचं मूल मोफत. पाच ते अकरा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ मागितली तर पूर्ण भाडं, नाही मागितली तर अर्धं. साध्या डब्याचं तिकीट मोबाईलवर 'रेलवन' ॲपमधून काढता येतं. रांगेत गाडी चुकण्यापेक्षा ते बरं. पण ॲप घरी, चांगल्या रेंजमध्ये उतरवून, एकदा चालवून बघावं. स्टेशनच्या पायरीवर उभं राहून पासवर्ड आठवत बसण्यात गाडी जाते.

लग्नसराईत आणि यात्रेच्या दिवसांत पिकअप किंवा टेम्पोत वीस-पंचवीस माणसं भरून नेण्याची पद्धत अजून आहे. स्वस्त पडतं, सगळे मिळून जातात, हे खरं. पण मालवाहू गाडीत बसलेल्या प्रवाशांना त्या गाडीच्या विम्याचं संरक्षण सहसा मिळत नाही. अपघात झाला तर दवाखान्याचा खर्च आणि भरपाई यासाठी घरच्यांनाच वर्षानुवर्षं फिरावं लागतं. वीस माणसं असतील तर एसटीची गाडी करारावर मिळते का, हे आगारात विचारून बघावं.

बॅग : मांडीवर मावेल एवढीच

एका रात्रीच्या मुक्कामाला घरटी तीन-तीन सुटकेस हे चित्र बसस्थानकावर रोज दिसतं. चाकांची सुटकेस विमानतळाच्या फरशीसाठी बनलेली. देगलूरच्या स्टँडपासून ऑटोपर्यंतच्या खडीवर ती ओढत नाही, उचलावी लागते. आपल्या प्रवासाला पोरांची दोन खांद्यांची शाळेची बॅग सगळ्यात चांगली. दोन्ही हात मोकळे राहतात, एक हात लेकराला, एक गाडीच्या दांड्याला. गर्दीत ती मांडीवर घेऊन बसता येतं. ज्याची बॅग त्यानं उचलायची असं घरात आधीच सांगून टाकलं की सामान आपोआप कमी होतं. आठ वर्षांच्या मुलीलाही तिचा एक ड्रेस आणि पाण्याची बाटली झेपते.

कपड्यांचं सरळ आहे. एक जोड अंगावर, एक बॅगेत. बायकांनी काठापदराची भारी साडी दर्शनासाठी न्यायचीच असेल तर ती बॅगेत आणि प्रवासाला सुती. जाड टर्किश टॉवेल ओला झाला की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत वाळत नाही आणि अख्ख्या बॅगेला वास मारतो. आपला साधा पंचा तासाभरात वाळतो, उन्हात डोक्याला बांधता येतो, गुरुद्वाऱ्यात डोकं झाकायला चालतो, लेकरू झोपलं तर खाली अंथरता येतो. एवढी कामाची दुसरी वस्तू बॅगेत नाही. हिवाळ्यात पहाटेच्या गाडीला कानटोपी आणि शाल लागतेच, ती वरच ठेवावी. उन्हाळ्यात मोज्यांचा एक जोड. देवळाबाहेर चप्पल काढल्यावर तापलेल्या फरशीवर पाय भाजतात, तेव्हा त्याची किंमत कळते.

पावसासाठी महागडं कव्हर घ्यायची गरज नाही. प्लास्टिकची मोठी जाड पिशवी धुऊन, वाळवून बॅगेच्या आत अस्तरासारखी लावायची आणि तिच्यात कपडे भरायचे. बॅग वरून भिजली तरी आतले कपडे कोरडे. रिकाम्या युरियाच्या पोत्याच्या आतली प्लास्टिक यासाठी वापरू नये. कितीही धुतली तरी खताचा अंश राहतो. तसलं पोतं गाडीवर बसायला किंवा ओल्या गवतावर अंथरायला ठीक. त्यात कपडे नको आणि भाकरी तर मुळीच नको.

औषधांच्या बाबतीत घरातली माणसं कायम एक चूक करतात. बीपी-शुगरच्या गोळ्या मोजून कागदाच्या पुडीत बांधतात. पुडीतल्या पांढऱ्या गोळीवर नाव नसतं. रात्री अपरात्री त्रास झाला तर किनवटचा डॉक्टर ती गोळी कशाची हे कसं ओळखणार? गोळ्या पाकिटासकट न्याव्यात, एक दिवसाच्या जास्त न्याव्यात, आणि डॉक्टरच्या चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये असावा. इन्सुलिन असेल तर ती दुचाकीच्या डिकीत किंवा बसच्या खिडकीजवळ उन्हात ठेवू नये. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या डब्यात, सावलीत. सोबत ओआरएसच्या दोन पुड्या, पट्टी, तापाची गोळी. ज्यांना गाडी लागते त्यांनी उलटीची गोळी डॉक्टरला विचारून गाडीत बसण्याच्या अर्धा तास आधी घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बाहेरच पडते. पुढचं आसन, खिडकी, आणि दोन-चार कॅरीबॅग हाताशी.

दुचाकीवर जाणाऱ्यांनी हँडलला पिशव्या लटकवू नयेत. वळणावर हँडल अडकतं. सामान मागं दोरीनं किंवा रबरी पट्ट्यानं घट्ट बांधावं, आणि साडीचा पदर, ओढणी, दोरीचं टोक चाकाकडं लोंबत नाही ना, ते निघताना एकदा बघावं. गाडीची कागदपत्रं, विमा, पीयूसी जवळ असू द्यावी. राज्य बदललं की तपासणी होऊ शकते.

शिदोरी

या भागाची शिदोरी म्हणजे दशम्या, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. यापेक्षा चांगलं प्रवासाचं जेवण विकत मिळत नाही. पण बांधण्यात चूक झाली की दुपारपर्यंत वास येतो. पहाटे तव्यावरून काढलेले धपाटे गरम गरम डब्यात कोंबले की वाफ धरते, पाणी सुटतं. आधी फडक्यावर पसरून पूर्ण गार होऊ द्यावेत, मग सुती कापडात बांधावेत. कांदा घातलेले धपाटे त्याच दिवशी संपवावेत. दुसऱ्या दिवसासाठी दुधातल्या दशम्या आणि कोरडी चटणी. दही, भिजवलेली चटणी, बटाट्याची भाजी, भात हे उन्हाळ्यात सोबत नको. दही हवंच असेल तर पोहोचल्यावर तिथं घ्यावं. डिसेंबर-जानेवारीत ढाळे, बोरं, पेरू न्यावेत. पोरांचं तोंड चालू राहतं आणि कुरकुऱ्याचे पैसे वाचतात. केळी बॅगेत चेपून कपडे खराब करतात. न्यायचीच तर हातातल्या पिशवीत.

पैसे, फोन आणि फसवणूक

पैसे एका जागी ठेवू नयेत. थोडे वरच्या खिशात, थोडे बॅगेत, थोडे बायकोजवळ. दहा-वीस-पन्नासच्या नोटा घरूनच जमवाव्यात. एसटीत यूपीआयनं तिकीट मिळतं, पण रेंज असेल तर. किनवट-माहूरच्या डोंगरात ती कधी जाईल सांगता येत नाही. दागिने घरीच ठेवलेले बरे. गर्दीच्या रांगेत गळ्यातलं गेलं की सहल तिथंच संपते.

भक्तनिवासाची खोली मोबाईलवर शोधताना सावध राहावं. देवस्थानांच्या नावानं खोट्या वेबसाईट आणि क्रमांक टाकून आगाऊ पैसे घेण्याचे प्रकार देशभर घडतात. क्यूआर कोड पाठवून "आत्ताच पैसे टाका, नाहीतर खोली जाईल" असं कोणी म्हणालं की तिथंच थांबावं. खोली समक्ष जाऊन, पावती घेऊन घ्यावी किंवा संस्थानाच्या अधिकृत ठिकाणीच पैसे भरावेत. आणि सहलीचे फोटो स्टेटसला टाकायचे ते परत आल्यावर. "माहूरला आहोत सगळे" हे स्टेटस घर बंद असल्याची दवंडीच असते.

आता ती चिठ्ठीची गोष्ट. यात्रेत पोर हरवलं तर त्याला वडिलांचं नाव सांगता येतं, मोबाईल नंबर सांगता येत नाही. निघताना लेकराच्या खिशात दोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवावी, आणि त्याच सकाळी त्याचा त्या दिवशीच्या कपड्यांतला एक फोटो काढून ठेवावा. पोलिसांना वर्णन सांगताना रडणाऱ्या आईला शर्टाचा रंग आठवत नाही. म्हाताऱ्या माणसांनाही हीच चिठ्ठी.

पावसाळ्यात पुलावर

ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात जे झालं ते कोणी विसरलेलं नाही. एका रात्रीच्या अतिवृष्टीत लेंडीच्या पाण्यानं हसनाळ, रावणगावसह गावांना वेढा घातला, माणसं गेली, जनावरं गेली, बचावासाठी लष्कर बोलवावं लागलं. त्याच पावसात मुखेड-उदगीरच्या बाजूला पुलावरच्या पाण्यात वाहनंही वाहून गेली. त्यात बसलेली माणसं आपल्यासारखीच कुठून तरी कुठं तरी निघालेली होती.

म्हणून जून ते ऑक्टोबर बेत करताना परतीच्या वाटेवर किती नाले आणि किती खाली बांधलेले पूल आहेत ते आठवावं. आपल्याकडं थेंब नसला तरी वरच्या बाजूला पडलेल्या पावसाचं पाणी तासा-दोन तासांनी खाली येतं. पुलावरून पाणी वाहत असेल तर रात्र स्टँडवर काढावी, ओळखीच्या घरी काढावी, गाडीत काढावी. "रोजचा रस्ता आहे, अंदाज आहे" म्हणणारा अंदाज पाण्याखालचा डांबरी रस्ता वाहून गेला की चुकतो. दुचाकीला तर गुडघाभर वाहतं पाणीही पुष्कळ झालं. पावसाळ्यातल्या एका दिवसाच्या सहलीलाही म्हणूनच एका रात्रीपुरती औषधं आणि थोडे जास्तीचे पैसे सोबत असावेत. निघण्याआधी हवामान खात्याचा इशारा कोणत्या रंगाचा आहे ते बघावं. लाल किंवा केशरी असेल तर कंधार कुठं पळून जात नाही.

मागं राहिलेलं घर

जनावरांचं काम ज्याच्यावर सोपवायचं त्याला आदल्या दिवशी एकदा धार काढायला सोबत घ्यावं. अनोळखी हाताला म्हैस पान्हा सोडत नाही, आणि हे दुसऱ्या दिवशी फोनवर कळून उपयोग नसतो. दोन दिवसांचा चारा तोडून, कडबा खाली काढून, पाण्याचा हौद भरून ठेवावा. डेअरीवाल्याला सांगावं. गॅसचा खटका बंद, मोटरीचा स्टार्टर बंद, ऑटो स्विच असेल तर तोही. शेजाऱ्याकडं एक किल्ली आणि बसायच्या गाडीची वेळ.

आणि मोबाईलची बॅटरी संपली तर उपयोगी पडावेत म्हणून हे क्रमांक कागदावर लिहून पाकिटात ठेवावेत : पोलीस व कोणतीही तातडीची मदत ११२, रुग्णवाहिका १०८, हरवलेल्या किंवा अडचणीतल्या लेकरासाठी १०९८, रेल्वे १३९, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७.